डिफेन्सिव्ह बॅक कोचचं करिअर: एका वडिलांच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या एका मराठी कुटुंबातला मुलगा डिव्हिजन थ्रीच्या, म्हणजे खालच्या पातळीवरच्या, छोट्या कॉलेजात चार वर्षं कॉर्नरबॅक (कडेला राहून प्रतिस्पर्ध्याचे पास अडवणारा बचावपटू) म्हणून खेळला. आता इंजिनिअरिंगची पदवी हातात आहे, नोकरीही चालून आली आहे, आणि तो म्हणतोय की मला अमेरिकन फुटबॉलचा कोच व्हायचंय, तेही डिफेन्सिव्ह बॅक्सचाच (मागच्या फळीतल्या बचावपटूंचा). वडील विचारतात: हा कोच दिवसभर करतो काय? यात पोट भरतं का? आणि साठीला पोहोचल्यावर हा माणूस कुठे असतो?

मी बरीच वर्षं हेच काम करतो आहे, आधी हायस्कूलमध्ये आणि नंतर छोट्या कॉलेजांत. मोठ्या विद्यापीठांतलं आयुष्य मी पाहिलं ते कोचिंग क्लिनिक्समध्ये, खेळाडूंच्या शोधात केलेल्या प्रवासात, आणि तिथपर्यंत पोहोचलेल्या सहकाऱ्यांच्या बोलण्यातून. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर एका माणसाच्या कारकिर्दीत जवळजवळ पूर्ण मिळतं. त्यांचं नाव ड्वेन अकिना.

अकिना मूळचे हवाईचे. १९७०च्या दशकात ते वॉशिंग्टन विद्यापीठात क्वार्टरबॅक (पास फेकणारा, आक्रमणाची सूत्रं हातात असलेला खेळाडू) होते, म्हणजे तुमच्या मुलाच्या बरोबर विरुद्ध बाजूला. तिथे हेड कोच होते डॉन जेम्स. हे डॉन जेम्स त्याआधी ओहायोतल्या केंट स्टेटला होते, आणि तिथे त्यांच्याकडे खेळलेल्या एका डिफेन्सिव्ह बॅकला त्यांनी १९७३ मध्ये ग्रॅज्युएट असिस्टंट (मास्टर्स करता करता काम करणारा शिकाऊ कोच) म्हणून ठेवून घेतलं. त्या मुलाला कोच व्हायचंच नव्हतं. पत्नीचं शिक्षण संपायला वर्ष बाकी होतं म्हणून तो थांबला. तो मुलगा म्हणजे निक सेबन. पुढे त्यांनी हेड कोच म्हणून सात राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, आणि अलाबामात हेड कोच असतानाही सरावात ते स्वतः कॉर्नरबॅक्सच्या घोळक्यात उभे राहून पाय कुठे टाकायचा ते दाखवत. आमच्या धंद्यात या गोष्टीचा फार अभिमान आहे. खेळातला आजवरचा बहुधा सर्वांत यशस्वी कोच मुळात आमच्यातला होता आणि शेवटपर्यंत आमच्यातलाच राहिला.

अकिनांकडे परत येतो. १९८७ मध्ये डिक टोमी यांनी अ‍ॅरिझोना विद्यापीठाचा संघ हाती घेतला तेव्हा अकिना त्यांच्या स्टाफमध्ये आले आणि २००० मध्ये टोमी गेले तोपर्यंत तिथेच राहिले. मधली काही वर्षं त्यांनी ऑफेन्ससुद्धा (संघाची आक्रमणाची बाजू) चालवला. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज डिफेन्सिव्ह बॅकला १९८६ पासून जिम थॉर्प पुरस्कार देतात. १९९० मध्ये तो अ‍ॅरिझोनाच्या डॅरिल लुइसला मिळाला. २००१ मध्ये अकिना टेक्सासला मॅक ब्राउन यांच्याकडे गेले आणि तिथे त्यांनी जे केलं ते आजही क्लिनिक्समध्ये सांगितलं जातं. २००५ मध्ये मायकल हफ आणि लगेच २००६ मध्ये एरन रॉस, एकाच विद्यापीठाच्या, एकाच कोचच्या हाताखालच्या दोघांना लागोपाठ थॉर्प पुरस्कार. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, हफ सातवा निवडला गेला. पुढच्या वर्षी सेफ्टी (सर्वांत मागे उभा राहणारा बचावपटू) मायकल ग्रिफिन एकोणिसावा आणि रॉस विसावा, एकामागोमाग एक. त्यांच्याआधी क्वेंटिन जॅमर पाचवा गेला होता, नंतर अर्ल थॉमस चौदावा आणि केनी व्हकॅरो पंधरावा गेला.

४ जानेवारी २००६ ला पॅसाडेनाच्या रोझ बोलमध्ये टेक्सासने यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला) ४१-३८ असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. त्या सामन्यात टेक्सासच्या क्वार्टरबॅकची, विन्स यंगची, शेवटची धाव सगळ्यांना आठवते. आम्ही डीबी (डिफेन्सिव्ह बॅक) कोच मात्र त्याच्या थोडं आधीचा क्षण दाखवतो: यूएससीला चौथ्या, म्हणजे शेवटच्या, प्रयत्नात दोन यार्ड हवेत, लेनडेल व्हाइटसारखा दणकट रनिंग बॅक चेंडू घेऊन धावत येतोय आणि त्याला अडवणाऱ्यांत सेफ्टी मायकल हफ आहे. पास अडवण्यासाठी नावाजलेला हा मुलगा त्या क्षणी दोन यार्डांच्या गर्दीत घुसतो. तिथे यूएससी थांबली नसती तर यंगच्या हाती चेंडू आलाच नसता. अशी धडक मनगटाच्या ताकदीवर होत नाही. आठवड्यामागून आठवडे खांदा कुठे लावायचा आणि डोकं कुठल्या बाजूला ठेवायचं हे घोटून घेतलेलं असतं म्हणून होते.

आता त्याच कारकिर्दीची दुसरी बाजू. २०१३ च्या मोसमानंतर मॅक ब्राउन गेले आणि अकिनांची टेक्सासमधली तेरा वर्षं संपली. २०१४ पासून ते स्टॅनफर्डला होते. २०२२ मध्ये हेड कोच डेव्हिड शॉ यांनी राजीनामा दिला आणि तेही पर्व संपलं. मग पुन्हा अ‍ॅरिझोना. २०२४ मध्ये तिथे त्यांना संपूर्ण डिफेन्सची जबाबदारी मिळाली, संघाने चार सामने जिंकले, आठ हरला, आणि एका मोसमात ती जबाबदारी गेली. पण २०२५ मध्ये टेक्सासने त्यांना डिफेन्सिव्ह बॅक्स शिकवायला परत बोलावलं. साठी त्यांनी केव्हाच ओलांडली होती.

हे मी मुद्दाम तपशिलात सांगितलं. चाळीसएक वर्षांच्या कारकिर्दीत या माणसाचं पद कितीदा वर गेलं आणि खाली आलं पाहा. संयुक्त कोऑर्डिनेटर (कोऑर्डिनेटर म्हणजे संपूर्ण डिफेन्स किंवा ऑफेन्स चालवणारा), असिस्टंट हेड कोच, पोझिशन कोच (एकाच जागेच्या खेळाडूंना शिकवणारा), विश्लेषक, कोऑर्डिनेटर, पुन्हा पोझिशन कोच. बदललं नाही ते एकच: एका खोलीत दहा-पंधरा पोरं आणि पुढे पडद्यावर मॅचची फिल्म. तुमच्या मुलाला हेड कोच व्हायचं स्वप्न असेल तर जरूर असू दे, पण त्या खोलीतच त्याचा जीव रमत नसेल तर या धंद्यातली माणसं त्याला पंधरा वर्षांत थकवून टाकतील.

ही खोली म्हणजे काय ते सांगतो. डिफेन्सिव्ह बॅक्स म्हणजे दोन कॉर्नरबॅक, दोन सेफ्टी, आणि आजकाल जवळजवळ कायमचा झालेला पाचवा, ज्याला निकल म्हणतात. पास झेलणाऱ्या रिसिव्हरला कुठे धावायचंय ते ठाऊक असतं. आमच्या मुलाला ते ठाऊक नसतं, आणि शिवाय तो उलटा धावत असतो. कबड्डीतला कोपरारक्षक चढाईपटूच्या हातांकडे बघत बसला की फसतो, त्याची नजर कमरेवर आणि पावलांवर लागते. आमच्याकडेही तसंच. रिसिव्हर डोक्याने, खांद्याने, हातांनी वाटेल ती फसवणूक करील, पण कंबर खोटं बोलत नाही. म्हणून पहिल्या वर्षी आम्ही चेंडू जवळजवळ आणतच नाही. पावलं, कंबर वळवणं, नजर, पुन्हा पावलं. बॅकपेडल (उलटं धावणं) करताना खांदे पायांच्या पुढे राहिले पाहिजेत, पाऊल जमिनीपासून फार उचललं जाता कामा नये आणि वळताना एक पाऊलही फुकट जाता कामा नये. एका वाया गेलेल्या पावलाची किंमत साधारण एक यार्ड असते आणि चांगला क्वार्टरबॅक त्या एका यार्डावर टचडाउन (शेवटच्या रेषेपारचे गुण) घेतो.

पावलांनंतर डोकं. मैदानाची रुंदी १६० फूट असते. कॉलेजच्या खेळात हॅश मार्क (खेळी सुरू करताना चेंडू ज्यांच्या दरम्यान ठेवतात त्या खुणा) बाजूच्या रेषेपासून ६० फुटांवर असतात, म्हणजे चेंडू हॅशवर असला की एका बाजूला ६० फूट आणि दुसऱ्या बाजूला १०० फूट मोकळी जागा. एनएफएलमध्ये हॅश मधोमध जवळजवळ असतात, त्यामुळे हा फरक तिथे फारसा उरत नाही. म्हणून कॉलेजात रुंद बाजूचा कॉर्नर आणि अरुंद बाजूचा कॉर्नर ही दोन वेगळी कामं आहेत. अरुंद बाजूला धिप्पाड, हात लांब असलेला, धडक द्यायला न घाबरणारा मुलगा लागतो. रुंद बाजूला लांब पल्ल्याचा, जागेचा अंदाज असलेला. हायस्कूलमधून कोणाला घ्यायचं हा निर्णय आम्ही इथूनच सुरू करतो.

नियमांचाही अभ्यास हवा, आणि तो टीव्हीवर एनएफएल बघून होत नाही. एनएफएलमध्ये पाच यार्डांपुढे रिसिव्हरला हात लावला की पेनल्टी. कॉलेजात समोरून येणाऱ्या रिसिव्हरला चेंडू हवेत जाईपर्यंत धक्का देता येतो. एनएफएलमध्ये पास अडवताना फाउल झाला की चेंडू थेट त्या जागी नेऊन ठेवतात, मग ते चाळीस यार्ड का असेनात. कॉलेजात जास्तीत जास्त पंधरा यार्ड. त्यामुळे कॉलेजातला शहाणा कॉर्नर पूर्ण हरला असेल तर रिसिव्हरला पकडतो आणि पंधरा यार्ड देऊन टचडाउन वाचवतो. हे आम्ही शिकवतो. उलट, २०१३ पासून डोक्यावर किंवा डोक्याने केलेल्या धडकेला कॉलेजात थेट बाहेर काढतात, आणि दुसऱ्या अर्धात झालं तर पुढच्या सामन्याचा पहिला अर्धही जाऊ शकतो. सेफ्टीला याची धास्ती सर्वांत जास्त. मी खेळायला लागलो तेव्हाची टॅकलिंगची (धावणाऱ्याला धरून पाडायची) पद्धत आज शिकवली तर मी मुलाला सामन्याबाहेर पाठवीन, आणि त्याच्या मानेचं वाटोळं करीन ते वेगळंच. हा नियम आल्याने मला मनापासून बरं वाटलं.

खेळ स्वतःही बदलत राहतो. क्लीव्हलंड ब्राउन्स या एनएफएल संघात बिल बेलिचिक हेड कोच आणि सेबन डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर असताना चार रिसिव्हर सरळ खोल धावले की कव्हर थ्री नावाचा साधा बचाव फाटायचा, कारण खोलवर तीनच माणसं. त्यातून त्यांनी असा झोन (प्रत्येकाने आपापली जागा राखायची) तयार केला की रिसिव्हर ज्या मार्गाने धावेल त्यानुसार झोनचं मॅन-टू-मॅन (प्रत्येकाने आपापला माणूस धरायचा) होतं. आज कॉलेजातला निम्मा अभ्यास याच कल्पनेच्या फांद्या-उपफांद्यांचा आहे. दुसरीकडे कॉलेजात पास फेकताना ऑफेन्सच्या लाइनमनला (पुढच्या रांगेतल्या खेळाडूंना) तीन यार्ड पुढे जायची मुभा आहे, एनएफएलमध्ये एकच. त्यामुळे क्वार्टरबॅक रन (चेंडू घेऊन धावण्याची खेळी) दाखवून ऐन वेळी पास फेकू शकतो आणि बिचारा सेफ्टी मधेच अडकतो: पुढे जावं तर डोक्यावरून पास, थांबावं तर रन. त्याच्यासाठी आम्ही एकच गोष्ट ठरवून देतो, की तू कोणाकडे बघायचंस. बाकीचं त्याने विसरायचं. चांगला कोच मुलांना जास्त माहिती देत नाही, कमी देतो. स्वतःला मात्र सगळी माहिती ठेवावी लागते.

मोसमात आठवडा असा जातो. शनिवारी सामना. रविवारी फिल्म, आधी एकट्याने, मग स्टाफबरोबर, मग मुलांबरोबर. मंगळवारपर्यंत पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा पहिल्या आणि दुसऱ्या डाउनचा (प्रयत्नाचा) खेळ मुलांच्या अंगात उतरवायचा, बुधवारी तिसरा डाउन, गुरुवारी गोललाइनजवळची परिस्थिती, शुक्रवारी फक्त उजळणी. कॉलेज खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या नियमाने मोसमात मुलाचे आठवड्याला २० तासच घेता येतात. कोचच्या तासांना असा नियम नाही. ऑगस्ट ते डिसेंबर तुमचा मुलगा गणपती, दसरा, दिवाळी यांतलं काही घरी धड साजरं करू शकणार नाही, हे आत्ताच मान्य करून टाका.

आता या कामाचा जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो तो. १ नोव्हेंबर २००८, लबक शहर, टेक्सास विरुद्ध टेक्सास टेक. टेक्सास देशात पहिल्या क्रमांकावर, ३३-३२ ने पुढे, काही सेकंद उरलेले. टेकच्या क्वार्टरबॅकचा पास उडाला आणि थेट टेक्सासच्या सेफ्टीच्या, ब्लेक गिडियनच्या हातात आला. तो पहिल्या वर्षाचा पोरगा. चेंडू धरला असता तर सामना तिथेच संपला असता. तो सुटला. पुढच्याच खेळीला टेकच्या मायकल क्रॅबट्रीने बाजूच्या रेषेजवळ पास पकडला, कॉर्नरबॅकच्या हातून निसटला आणि एक सेकंद शिल्लक असताना टचडाउन. ३९-३३. त्या मोसमात टेक्सासचा हा एकच पराभव, आणि त्यामुळे राष्ट्रीय अंतिम सामना हुकला. ती चित्रफीत त्यानंतर कितीदा दाखवली गेली असेल ते विचारू नका.

गिडियनला टेक्सासने बसवलं नाही. तो पुढची तिन्ही वर्षं सुरुवातीच्या अकरांत खेळत राहिला. त्या वेळी त्या खोलीचे कोच अकिना होते. आत काय बोलणं झालं ते त्यांनाच माहीत, पण बाहेरून जे दिसलं ते पुरेसं आहे: अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातली सर्वांत जाहीर चूक, आणि पुढच्या शनिवारी तो पुन्हा मैदानावर. हा निर्णय घेणं सोपं नसतं. माजी विद्यार्थी, वर्तमानपत्रं, देणगीदार, सगळे दुसरं नाव सुचवत असतात. कोचने पाहायचं असतं ते असं की मुलगा योग्य जागी होता का? होता. चेंडूपर्यंत पोहोचला का? पोहोचला. म्हणजे शिकवलेलं सगळं बरोबर केलं आणि शेवटचं एक चुकलं. अशा मुलाला बसवलंत तर खोलीतल्या बाकी सगळ्यांना तुम्ही सांगता की योग्य जागी पोहोचण्याची किंमत शून्य आहे. मग पुढच्या वेळी कोणी पोहोचायची जोखीमच घेणार नाही.

हा गिडियन पुढे कोच झाला. २०२१ पासून तो टेक्सासमध्येच सेफ्टीजना शिकवत होता. २०२४ च्या मोसमानंतर तो जॉर्जिया टेकला डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणून गेला, आणि त्याच हिवाळ्यात टेक्सासने अकिनांना परत आणलं. म्हणजे शिष्याने रिकामी केलेली खुर्ची गुरूकडे आली. एखाद्या डीबी कोचने आयुष्यात काय मिळवलं हे बघायचं असेल तर मी थॉर्प पुरस्कारांआधी हे बघीन.

पैशांबद्दल स्पष्ट सांगतो. ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणजे मास्टर्सची फी माफ आणि वर हातखर्चाएवढं विद्यावेतन. दोनेक वर्षं फिल्म कापणं, आकृत्या काढणं, सरावात प्रतिस्पर्ध्याच्या खेळी कार्डावर काढून दुसऱ्या फळीला दाखवणं. त्यानंतर छोट्या कॉलेजात पूर्णवेळ नोकरी मिळाली तरी पगार इंजिनिअरच्या सुरुवातीच्या पगारापेक्षा बराच कमी, आणि डिव्हिजन थ्रीमध्ये तर कोचिंगबरोबर एखादं कार्यालयीन कामही गळ्यात येतं. मोठ्या परिषदांमध्ये (विद्यापीठांच्या लीगमध्ये) पोझिशन कोचला वर्षाला काही लाख डॉलर मिळतात, पण तिथल्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्यासारख्या आणि करार एक-दोन वर्षांचे. हेड कोच गेला की स्टाफ जातो, मग तुमची पोरं कितीही चांगली खेळोत. घर विकत घेण्याआधी माझ्या ओळखीचे सगळे कोच हेड कोचचा करार किती वर्षांचा उरलाय ते पाहतात.

अलीकडे एक दार मात्र उघडलं आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात एनसीएएने नियम बदलला आणि वरच्या पातळीवर विश्लेषकांनाही मैदानावर उभं राहून शिकवायची परवानगी दिली. कॅम्पसबाहेर जाऊन खेळाडूंची भरती मात्र हेड कोच आणि दहा असिस्टंट यांनीच करायची. त्यामुळे तरुण कोचला शिकवायची संधी पूर्वीपेक्षा लवकर मिळू शकते.

भरती ही या नोकरीची दुसरी अर्धी बाजू आहे आणि मुलं ती विसरतात. हायस्कूलच्या जिममध्ये, मुलाच्या घरच्या सोफ्यावर, आजीच्या हातचं जेवत, तुम्हाला एका कुटुंबाला पटवायचं असतं की तुमचा मुलगा माझ्या हवाली करा. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदणी यादी) आलं. २०२१ पासून मुलांना एकदा कॉलेज बदलून लगेच खेळता येऊ लागलं आणि त्याच वर्षी स्वतःच्या नावावर कमाई करायची मुभा मिळाली. २०२५ पासून तर विद्यापीठं थेट मुलांना पैसे देऊ शकतात. मुलांना पैसे मिळतात हे न्याय्यच झालं, त्यांच्या अंगावर हा धंदा उभा आहे. पण पहिल्या वर्षी पावलं, दुसऱ्या वर्षी नजर, तिसऱ्या वर्षी पूर्ण खेळ असं सावकाश घडवायला मिळणारे दिवस आता भरवशाचे राहिले नाहीत. तुम्ही घडवलेला मुलगा मोसम संपताच दुसरीकडे जाईल, आणि दुसऱ्याने अर्धवट शिकवलेला मुलगा जानेवारीत तुमच्याकडे येईल.

याचा अर्थ वरून सुरुवात केली तरच टिकाव लागतो असा काढू नका. केरी कूम्स यांचं पाहा. १९९१ ते २००६ अशी सोळा वर्षं ते सिनसिनाटीजवळच्या कोलरेन हायस्कूलचे हेड कोच होते. २००४ मध्ये ओहायोचं राज्य विजेतेपद मिळवलं. २००७ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात असिस्टंट, २०१२ मध्ये ओहायो स्टेटला कॉर्नरबॅक कोच, २०१४ च्या मोसमात राष्ट्रीय विजेतेपद. ब्रॅडली रोबी, एली अ‍ॅपल, मार्शन लॅटिमोर, गॅरिऑन कॉन्ली, डेन्झेल वॉर्ड: त्यांच्या खोलीतले पाच कॉर्नरबॅक २०१४ ते २०१८ या काळात एनएफएलच्या पहिल्या फेरीत गेले. मग दोन वर्षं टेनेसी टायटन्स या एनएफएल संघात. २०२० मध्ये ओहायो स्टेटने त्यांना डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणून परत आणलं. संघ त्या मोसमात राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि अलाबामाकडून ५२-२४ हरला. पुढच्या सप्टेंबरात ओरेगनने हरवल्यावर खेळी ठरवण्याचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं. २०२२ मध्ये ते पुन्हा सिनसिनाटीला आले, पुन्हा कॉर्नरबॅक्सकडे. त्या डिसेंबरात हेड कोच निघून गेल्यावर बोल सामन्यापुरते (मोसमाअखेरच्या खास सामन्यापुरते) हंगामी हेड कोचही झाले.

कूम्स आणि अकिना दोघांच्या बाबतीत एकच गोष्ट दिसते. कोऑर्डिनेटरची खुर्ची वेगळी आहे. तिथे सगळ्या अकरा जणांचा हिशोब, प्रत्येक खेळीला काही सेकंदांत निर्णय आणि सोमवारी पत्रकारांना उत्तरं. उत्तम पोझिशन कोचला ती खुर्ची बढती म्हणून दिली जाते, आणि ती गेली की लोक म्हणतात माणूस पडला. मला ते पटत नाही. कूम्सनी घडवलेले कॉर्नरबॅक त्यांच्या पदावनतीने कमी झाले नाहीत. फ्लोरिडा स्टेटचे मिकी अँड्र्यूज १९८४ ते २००९ एकाच बॉबी बाउडन यांच्या हाताखाली राहिले, डिफेन्सही चालवला आणि बॅक्सही शिकवले, डिऑन सँडर्स त्यांच्याच हाताखालून गेला. पण एकच हेड कोच, एकच गाव, २६ मोसम, असं भाग्य आज कोणाच्या वाट्याला येईल असं मला वाटत नाही. तुमच्या मुलाने अकिनांचा नकाशा डोळ्यांपुढे ठेवावा.

आपल्या नावाचं, आपल्या रंगाचं कोणी यात आहे का, असंही तुम्ही मनात विचारलं असेल. आहे. भारतीय वंशाचे संजय लाल एनएफएलच्या अनेक संघांत रिसिव्हर्सचे कोच राहिले आहेत, म्हणजे आमच्या समोरच्या बाजूचे. माझा अनुभव विचाराल तर पहिल्या आठवड्यात मुलं आडनावाकडे बघतात. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही सांगितलेलं पाऊल टाकून त्यांचा एक पास अडला की त्यानंतर फक्त पुढचं पाऊल विचारतात. तुमचा मुलगा स्वतः खेळलेला आहे, तेव्हा त्याचा पहिला आठवडाही सोपा जाईल.

माझा सल्ला असा. त्याला नोकरी घेऊ द्या, आणि या मोसमात घराजवळच्या हायस्कूलमध्ये बिनपगारी असिस्टंट म्हणून काम करू द्या. इथली बरीचशी हायस्कूलं शाळा सुटल्यावर सराव घेतात आणि कॉलेज खेळलेल्या तरुणाला नाही म्हणत नाहीत. त्याने तिथे हुशार मुलं मागू नयेत, तिसऱ्या फळीतला, पाय अडखळणारा मुलगा मागावा. नोव्हेंबरपर्यंत त्या मुलाचा बॅकपेडल सुधारलेला दिसला, आणि त्या सुधारण्याचा आनंद तुमच्या मुलाला स्वतःच्या जुन्या इंटरसेप्शनइतका (प्रतिस्पर्ध्याचा पास हिसकावण्याइतका) झाला, तर तो या धंद्याचा आहे. तसं झालं नाही तर इंजिनिअरिंग आहेच आणि शनिवारी टीव्हीपुढे बसायला कोणी अडवत नाही.

शिवाय एक परीक्षा घरी घ्या. जेवणाच्या टेबलावर तुम्हाला आणि त्याच्या आईला त्याने दहा मिनिटांत कव्हर थ्री समजावून सांगावा, कागद-पेन्सिल घेऊन, एकही जार्गन न वापरता. मुलाखतीत हेड कोच त्याला फळ्यापाशी उभं करून हेच विचारणार आहे. तुम्हाला कळलं, तर त्याने ग्रॅज्युएट असिस्टंटच्या जागांसाठी पत्रं लिहायला घ्यावीत. ती नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याआधी तयार हवीत, कारण हेड कोच बदलतात ते मोसम संपताच, नवे स्टाफ जुळतात डिसेंबर-जानेवारीत, आणि जानेवारीत अमेरिकन फुटबॉल कोचेस असोसिएशनचं अधिवेशन भरतं तेव्हा निम्म्या जागांची बोलणी हॉटेलच्या लॉबीत उभ्या-उभ्याच होतात. तिकडे जायचं विमानाचं तिकीट तुम्ही काढून द्या.